नाव ठेवणं आणि नावं ठेवणं : पत्त्यांच्या डेकचं बारसं



मागच्या व्याख्यानात आपण विशेषनामांचा प्रश्न घेतला होता. नाव वस्तूला चिकटतं ते तिच्या वर्णनामुळे, की नुसतं चिकटवलं म्हणून? व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी एक श्रोते आम्हाला म्हणाले, "सर, मिल आणि क्रिप्की ठीक आहेत. पण नवी नावं जन्माला येताना बघायची असतील तर आज कुठे जायचं?" आम्हाला तेव्हा उत्तर सुचलं नाही. ते मिळालं आमच्याच घरात, दिवाणखान्यात पसरलेल्या पत्त्यांमध्ये.

आमचा नातू सोळा वर्षांचा आहे आणि 'मॅजिक द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ खेळतो. एका रविवारी तो फुरंगटून घरी आला. दोन महिने खपून त्याने एक डेक बांधली होती. मित्रांनी ती पाहिली आणि तिला 'भेळ' म्हणायला सुरुवात केली. तो आम्हाला म्हणाला, "आबा, तुम्ही नावांवर लेक्चरं देता ना? मग माझ्या डेकला एक चांगलं नाव द्या. भारी वाटेल असं." आम्ही म्हटलं, "आधी या खेळात नावं कशी पडतात ते आम्हाला शिकव, मग बघू." पुढचे काही आठवडे आम्ही शिष्य झालो. त्या शिकवणीचं सार आज आपल्यापुढे मांडतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आपण ज्याला पत्त्यांचा कॅट म्हणतो तो ठरलेला असतो. बावन्न पाने, चार रंग, सगळ्यांना तेच. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने जो खेळ बाजारात आणला, त्यात ही सगळ्यांना एकच कॅट असण्याची गोष्टच नाही. पत्ते हजारो आहेत आणि प्रत्येकावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला आहे. खेळाडूने त्यातून निवडून आपली डेक आपणच बांधायची. स्पर्धेत सहसा किमान साठ पत्ते, आणि जमिनीचे मूळ पत्ते सोडले तर एकच पत्ता जास्तीत जास्त चार वेळा. म्हणजे टेबलावर बसण्यापूर्वीच अर्धा खेळ झालेला असतो. डेक ही एक योजना असते, एक प्रकारचा युक्तिवादच म्हणा ना.

आता अडचण बघा. दोन खेळाडूंना एखाद्या डेकबद्दल बोलायचं आहे. साठ पत्त्यांची यादी वाचून दाखवायची का? ते शक्य नाही. म्हणून नाव लागतं. एकदा नाव पडलं की त्या दोन अक्षरांत सगळं येतं: ही डेक काय करते, कितव्या डावाला करते, तिला अडवायचं कुठे. समोरचा कोणती डेक खेळतोय एवढं कळलं तरी हातातले कोणते पत्ते ठेवायचे ते ठरवता येतं. म्हणजे इथे नाव हे निव्वळ लेबल नाही, ती उपयोगाची माहिती आहे. आपल्या तालमीत 'ढाक', 'कलाजंग', 'धोबीपछाड' म्हटलं की वस्तादाला पुढे काही समजावून सांगावं लागत नाही, तसंच हे.

शाळेच्या व्याकरणात आपण शब्दांचे तीन प्रकार शिकलो होतो. यौगिक, रूढ आणि योगरूढ. नैयायिकांनी हा विचार फार बारकाईने केला आहे. आम्हाला गंमत वाटली ती ही, की ज्यांनी न्यायशास्त्राचं नावही ऐकलेलं नाही अशा पोरांनी हे तिन्ही प्रकार आपापले तयार केले आहेत.

पहिला प्रकार, यौगिक. अवयवांचा अर्थ कळला की शब्दाचा अर्थ कळतो, 'पाचक' म्हणजे शिजवणारा. १९९७ साली पॅरिसच्या प्रो टूर स्पर्धेत माइक लाँग 'प्रॉसब्लूम' नावाच्या डेकने जिंकला. तिच्यात दोन कळीचे पत्ते होते, 'प्रॉस्पेरिटी' आणि 'कॅडॅव्हरस ब्लूम'. एक पत्ता हात भरून देतो, दुसरा हातातल्या पत्त्यांचं शक्तीत रूपांतर करतो, ती शक्ती पुन्हा पहिल्यावर खर्च करायची. दोन्ही नावांचे तुकडे जोडले, झालं नाव. असं नाव प्रामाणिक असतं. पण त्याला चव नसते.

दुसरा प्रकार, योगरूढ. 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेलं. चिखलात बेडूकही जन्मतो, पण पंकज म्हणजे कमळच. अवयवांचा अर्थ शाबूत आहे, पण रूढीने तो एकाच वस्तूपुरता बांधला गेला. आता 'ड्रॉ-गो' ही डेक घ्या. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली ही निळ्या रंगाची डेक. ती खेळणारा आपल्या पाळीला एक पत्ता उचलायचा, म्हणजे ड्रॉ, आणि समोरच्याला म्हणायचा 'गो', चल तू. दुसरं काही करायचाच नाही. समोरचा काही करायला गेला की तेवढं मोडून काढायचा. आता बघा, पत्ता उचलणं आणि पाळी सोडणं हे तर प्रत्येक खेळाडू करतोच. पण ड्रॉ-गो म्हणजे तीच एक डेक. हे अगदी पंकजासारखं झालं.

या नावात आणखी एक गुण आहे. ते पत्त्यांवरून पडलेलं नाही, खेळताना जो अनुभव येतो त्यावरून पडलं आहे. समोर बसलेल्याने तासभर फक्त हे दोन शब्द ऐकलेले असतात. त्याचं वैतागणंसुद्धा त्या नावात उतरलं आहे.

आणि या नावाचा वंश पुढे वाढला. २०१० च्या सुमारास तशाच पद्धतीच्या एका डेकमध्ये 'स्क्वाड्रन हॉक' नावाचा ससाण्याचा पत्ता आला. इंग्रजीत पक्ष्याच्या ओरडण्याला 'कॉ' म्हणतात, आपल्याकडे कावळा 'काव काव' करतो तसंच. मग ड्रॉ-गो चं झालं 'कॉ-गो'. पुढच्या वर्षी त्यात तलवारी आल्या आणि नाव झालं 'कॉ-ब्लेड'. २०११ च्या पॅरिस प्रो टूरमध्ये बेन स्टार्क ही डेक घेऊन जिंकला, आणि तिने स्पर्धा इतक्या व्यापल्या की त्याच वर्षी जून महिन्यात तिच्यातल्या दोन मुख्य पत्त्यांवर बंदी घालण्याचा निर्णय जाहीर करावा लागला. 'कॉ-ब्लेड' या शब्दात 'ड्रॉ' नाही आणि 'गो' ही नाही. पण ज्याला वंशावळ ठाऊक आहे त्याला आजोबा दिसतात.

तिसरा प्रकार, रूढ. इथे अवयवांतून अर्थ निघत नाही, तो परंपरेने माहीत असावा लागतो. याचं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे न्याहारीची नावं. 'फ्रूटी पेबल्स' हे अमेरिकेत मुलांच्या नाश्त्याच्या एका रंगीत पदार्थाचं नाव आहे, दुधात घालून खातात ते. हे नाव मिळालं एका डेकला. फुकटात येणारा एक प्राणी, मेलेला प्राणी हातात परत आणणारा एक पत्ता, आणि प्राणी बळी देऊन समोरच्याला एक घाव घालणारा तिसरा पत्ता. प्राणी टाका, मारा, उचला, पुन्हा टाका, समोरचा संपेपर्यंत. पुढे या डेकमध्ये काळ्या रंगाचा 'नेक्रोपोटन्स' हा पत्ता शिरला. मग नाव काय? 'कोको पेबल्स', त्याच पदार्थाचा चॉकलेटचा प्रकार. नंतर आणखी एक डेक आली, 'ट्रिक्स'. हेही न्याहारीचंच नाव. तिची युक्ती ऐका. एक पत्ता टेबलावर येताना वीस जीव देतो, पण टेबलावरून जाताना वीस काढून घेतो. तो राखायचा खर्चही दर पाळीला वाढत जातो. मग दुसऱ्या पत्त्याने तो समोरच्याला चक्क दान करायचा. वीस जीव आपल्याकडे राहतात आणि कर्ज त्याच्या गळ्यात. पुढे तर शून्य खर्चाच्या पत्त्यांनी भरलेल्या एका डेकला 'चिअरिओज' म्हणू लागले, कारण ती खाण्याची गोल कडी शून्यासारखी दिसते!

न्याहारीचा आणि या युक्त्यांचा तसा काही संबंध नाही. पण एक नाव जमलं, दुसऱ्याने त्याला जोड दिली, आणि घराणं तयार झालं. एका घरात भावंडांची नावं एकाच अक्षरावरून ठेवतात ना, तसं. आणि जोडीची नावं लक्षात राहायला सोपी पडतात, कारण एक आठवलं की दुसरं आपोआप येतं.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. वर्णन बदललं तर नाव टिकतं का? जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात डार्टमाउथचं उदाहरण दिलं होतं, ते आपल्याला आठवत असेल. डार्ट नदीच्या मुखाशी वसलेलं म्हणून डार्टमाउथ. पण उद्या नदीने पात्र बदललं तरी गावाचं नाव डार्टमाउथच राहील. नाव पडण्याचं कारण वेगळं आणि नावाचा अर्थ वेगळा.

या खेळात नदीने पात्र खरोखरच बदललेलं दिसतं. 'एग्ज', म्हणजे 'अंडी', नावाची डेक होती. २००१ च्या एका संचात 'एग' असं नाव असलेले पाच पत्ते होते. ते फोडले की थोडी शक्ती आणि एक नवा पत्ता मिळायचा. फोडलेली सगळी अंडी 'सेकंड सनराइज' हा पत्ता परत आणायचा, की पुन्हा फोडायची. २०१२ मध्ये स्टॅनिस्लाव चिफ्का नावाचा चेक खेळाडू ही डेक घेऊन प्रो टूर जिंकला. पण त्या स्पर्धेच्या नियमांनुसार २००१ चे ते पत्ते चालतच नव्हते. त्याच्या डेकमध्ये तसंच काम करणारे दुसरे पत्ते होते, 'एग' नावाचा एकही नव्हता. तरी सगळे तिला एग्जच म्हणत होते आणि कुणाचाही गैरसमज होत नव्हता. या डेकचा एकेक डाव इतका लांबायचा की स्पर्धा खोळंबायच्या, म्हणून २०१३ मध्ये 'सेकंड सनराइज' वर बंदी आली. अंडी नसलेल्या अंड्यांच्या डेकवर बंदी! मिलला हे उदाहरण फार आवडलं असतं.

दुसरं उदाहरण 'द रॉक'. सॉल माल्का या खेळाडूच्या काळ्या-हिरव्या डेकचं पूर्ण नाव होतं 'द रॉक अँड हिज मिलियन्स'. द रॉक हा कुस्तीच्या टीव्ही कार्यक्रमांतला मल्ल, आपण लाखोंचा लाडका आहोत असं तो सांगायचा. डेकमधला एक धिप्पाड राक्षस म्हणजे रॉक, आणि दुसऱ्या पत्त्याने आणलेल्या खारींचा घोळका म्हणजे त्याचे लाखो चाहते. पुढे तो राक्षस गेला, खारी गेल्या, नावातला मागचा भाग गळला. उरलं 'रॉक', आणि त्याचा अर्थ झाला काळ्या-हिरव्या रंगाची कुठलीही दणकट, मधल्या चालीची डेक. विशेषनामाचं सामान्यनाम झालं. क्रिप्कीच्या भाषेत सांगायचं तर नामकरणापासून वापराची साखळी अखंड आहे, पण साखळीच्या दुसऱ्या टोकाला आता एक वस्तू राहिलेली नाही, जात आहे.

आणि एक नाव तर असं आहे की तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत घालावं. 'रेड डेक विन्स', म्हणजे 'लाल डेक जिंकते'. हे नाव आहे की विधान? डेक हरली तर नाव खोटं ठरेल का? अर्थातच नाही. एखादा धनाजी कफल्लक असला म्हणून त्याचं नाव खोटं होत नाही. नाव सत्य किंवा असत्य नसतं. पण बोलताना तो शब्द हळूच धमकीचं कामही करून जातो, हे विसरू नये.

इथवर गमतीचं झालं. आता ज्यामुळे हा विषय आम्हाला महत्त्वाचा वाटला तिकडे येऊ. नाव कोण ठेवतं, आणि कुणाचं राहतं?

१९९६ साली अटलांटामधल्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय हा खेळाडू लाल रंगाची एक डेक घेऊन दुसरा आला. तिच्यात असे पत्ते होते की जाणकारांना हसू यावं. किरकोळ गॉब्लिन, बावळट ऑर्क. पण त्यामागचा विचार पक्का होता. पहिल्या पाळीला एका शक्तीचा पत्ता, दुसऱ्या पाळीला दोनचा, म्हणजे एकही पाळी फुकट जाऊ द्यायची नाही. आज नवशिक्यालाही शिकवतात तो हिशेब लोकांना या डेकने पटवून दिला. डेकचं नाव पडलं 'स्लाय'. पण डेक रचली होती जे श्नायडर याने. खेळला एक, डोकं दुसऱ्याचं, आणि नाव कायमचं खेळणाऱ्याचं राहिलं. जुन्या स्पर्धांच्या नोंदणीच्या कागदावर 'डेकचं नाव' आणि 'डेक रचणारा' अशा दोन वेगळ्या जागा असत. म्हणजे हा अन्याय होतो याची जाणीव होती. पण कागद कागदाच्या जागी राहतो आणि लोकांच्या तोंडी बसतं ते टिकतं. ज्ञानाच्या इतिहासात हे काही नवं नाही.

मराठीत एक मोठा सुंदर भेद आहे. 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं, आणि 'नावं ठेवणं' म्हणजे दोष काढणं. एका अनुस्वाराचा फरक. या खेळात हे दोन्ही पुष्कळदा एकच असतं. 'जंक' म्हणजे भंगार, ही एका नावाजलेल्या तीनरंगी डेकची ओळख. 'सुइसाइड ब्लॅक' म्हणजे स्वतःचाच जीव जाळत लढणारी काळी डेक. 'डेथ अँड टॅक्सेस', मृत्यू आणि कर, बेंजामिन फ्रँकलिनच्या प्रसिद्ध वचनावरून. ही डेक समोरच्याच्या प्रत्येक चालीवर जणू कर लावते आणि शेवटी मारते. ही नावं समोर बसून ज्यांनी त्रास सोसला त्यांच्या भाषेतली वाटतात, आणि म्हणूनच ती खरी वाटतात. याउलट स्वतःच्या डेकला स्वतःच दिलेलं भव्य नाव सहसा टिकत नाही. बारशाला बाळ स्वतःचं नाव सांगत नाही, आत्या कानात सांगते.

आता दुसरी बाजू. २००५-०६ मध्ये कंपनीने 'राव्हनिका'चे संच आणले. त्यात दहा संघ होते, पाच रंगांच्या दहा जोड्यांना एकेक. अझोरियस, बोरोस, इझेट, गोल्गारी वगैरे. २००८ च्या 'अलारा' संचाने पाच तीनरंगी मेळांना नावं दिली, जुंड, एस्पर, ग्रिक्सिस, नाया, बँट. २०१४ च्या 'टार्किर' संचाने उरलेल्या पाच मेळांना दिली, अबझान, जेस्काई, सुलताई, मार्डू, टेमुर. कोष्टक पूर्ण झालं. आता डेकचं नाव म्हणजे बहुधा एक सूत्र असतं: रंगमेळाचं नाव आणि पुढे डावाची पद्धत. ज्या डेकला पूर्वी 'जंक' म्हणत, ती आता 'अबझान'.

याविरुद्ध लगेच ओरड करू नये. सूत्राचे फायदे खरे आहेत. नवा मुलगा एका दिवसात सगळी नावं समजू शकतो. त्याला अमेरिकेतली न्याहारी किंवा नव्वदच्या दशकातला मल्ल माहीत असायची गरज नाही. आमच्या नातवाने 'फ्रूटी पेबल्स' कधी खाल्लेले नाहीत. जुनी नावं म्हणजे आतल्या लोकांचा सांकेतिक दरवाजा होता, आणि दरवाजा बाहेरच्यांना अडवतोही. हे मान्य करायला हवं.

पण किंमतही मोजली जाते. 'अबझान' हा शब्द खेळाडूंनी घडवलेला नाही, तो त्यांना छापून मिळाला. आणि सूत्रातून आलेलं नाव डेक कुठे बसते ते सांगतं, ती काय करते याची गोष्ट सांगत नाही. 'ड्रॉ-गो' मध्ये वैताग होता, 'मिरॅकल ग्रो' मध्ये मस्करी होती. अॅलन कोमरची ती डेक, जिच्यातली वनदेवी जवळजवळ प्रत्येक मंत्रागणिक वाढायची, म्हणून बागेतल्या खताचं नाव! कोष्टकात वैतागाला आणि मस्करीला रकाना नसतो. आपल्या वाडीवस्त्यांची जुनी नावं जाऊन सेक्टर आणि फेज आले, तेव्हा आपल्याला जे वाटलं, ते याहून फार वेगळं नव्हतं. पत्ता शोधणं सोपं झालं, पण तिथे कधी वड होता की विहीर, हे आता नावावरून कळत नाही.

तरी आम्हाला निराशा वाटत नाही. कारण कोष्टक पूर्ण झालं तरी लोक नावं ठेवायचं थांबत नाहीत. 'युगिओ' या दुसऱ्या खेळात २००५ च्या सुमाराची एक डेक होती, 'गोट कंट्रोल', 'स्केपगोट' या पत्त्यावरून. गंमत म्हणजे तो पत्ता टेबलावर बकऱ्या आणत नाही, मेंढ्या आणतो! पण नाव इतकं घट्ट बसलं की आज खेळाडू त्या सगळ्या कालखंडालाच 'गोट फॉरमॅट' म्हणतात आणि मुद्दाम त्याच जुन्या पत्त्यांनी खेळतात. डेकचं नाव एका युगाला मिळालं, आणि हे कुठल्याही कंपनीने ठरवलेलं नव्हतं.

मग लक्षात राहणारं नाव कसं असतं? आम्हाला तीन गोष्टी दिसतात. ते उच्चारायला सोपं असतं. त्यात डेकचा एखादा स्वभाव पकडलेला असतो, सगळी डेक नव्हे. आणि ते वापरणाऱ्यांनी एकमेकांशी बोलता बोलता दिलेलं असतं. पहिल्या दोन गोष्टी एकट्याला जमतील. तिसरी जमत नाही. विटगेन्स्टाइनचा खासगी भाषेचा मुद्दा आपण पुढे घेणार आहोत, तेव्हा हे उदाहरण लक्षात असू द्या.

नातवाला आम्ही काय सांगितलं? स्लायची गोष्ट सांगितली, जंकची सांगितली. म्हटलं, "बाबा रे, भव्य नाव आम्ही दहा देऊ, पण ते तुझ्या वहीतच राहील. तुझ्या डेकमध्ये चुरमुरे, फरसाण, चटणी सगळं आहे हे त्या पोरांनी बरोबर ओळखलं. आणि न्याहारीच्या नावांचं घराणं तर तूच आम्हाला शिकवलंस." तो काही बोलला नाही. पटलं असंही म्हणाला नाही.

परवाच्या रविवारी मात्र त्याने सहज सांगितलं की स्पर्धेनंतर एक लहान मुलगा त्याच्याकडे आला होता. त्याला तशीच डेक बांधायची होती. त्याने विचारलं, "दादा, भेळेत कुठले कुठले पत्ते लागतात?" नातवाने त्याला बसून सगळी यादी लिहून दिली. आम्ही विचारलं, "वर नाव काय लिहिलंस?" तो म्हणाला, "आबा, त्याला माहीत होतं की."

आज इथे थांबू. पुढच्या वेळी येताना आपल्या घरातलं, गल्लीतलं किंवा कचेरीतलं एक असं टोपणनाव आठवून या, ज्याचं मूळ कारण आता उरलेलं नाही पण नाव चालू आहे. तिथूनच सुरुवात करू.